सात नंबरचा किट

उत्तर चौसष्ट यायला हवं होतं. किटच्या लाल आकड्यांत आलं २९.

प्रोग्राम पुन्हा चालवला. ९३. आणखी एकदा चालवला. ५७. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून रजिस्टरात सह्या घेणारे लॅबचे मामा मान वर न करता म्हणाले, ''चारवर कशाला बसलाव? सातवर लावा की. त्यो किट लई गुणाचा हाय.''

ही २००७ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. गावाच्या पाटीवर तेव्हा उस्मानाबाद होतं. घरी आणि एसटीत मात्र आम्ही सगळे धाराशिवच म्हणायचो. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण त्या प्रयोगशाळेबद्दल पुढे जे लिहिणार आहे ते तेव्हाच्या कुठल्याही कॉलेजला लागू पडलं असतं. बारा किट होते, त्यातले नऊ चालू. किट म्हणजे फायलीएवढा सर्किट बोर्ड. त्यावर ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर, थोडी मेमरी, सहा लाल आकड्यांचा डिस्प्ले आणि कॅल्क्युलेटरसारखा कीपॅड. स्क्रीन नाही, डिस्क नाही. प्रोग्राम कागदावर लिहायचा, प्रत्येक सूचनेचा आकडी कोड तक्त्यात शोधायचा आणि एकेक कोड बोटाने दाबत मेमरीत भरायचा. लाईट गेली की सगळं पुसलं, परत पहिल्यापासून. आणि लाईट जायचीच. मराठवाड्यातले ते भारनियमनाचे दिवस होते. प्रॅक्टिकलचं वेळापत्रक कॉलेज लावायचं, पण ते चालवायचं महावितरण.

आमचा मिनी प्रोजेक्ट दुधाचा होता. माझं गाव भूम तालुक्यात, कुंथलगिरीच्या अंगाला. येरमाळ्याला उतरून पुढे जीप. आमच्याकडे खव्याची भट्टी आहे. सकाळी आजूबाजूच्या वस्त्यांवरून दूध येतं, कुणाचं चार लिटर, कुणाचं नऊ. वडील ते वहीत मांडतात आणि शेवटी बेरीज करतात. ही बेरीज किटने करावी एवढीच आमची महत्त्वाकांक्षा. दहा जणांचं दूध: चार, सात, सहा, पाच, आठ, नऊ, तीन, सात, दहा, पाच. एकूण चौसष्ट. प्रोग्राम अवघा १९ बाइटचा. मेमरीत ८१०० या पत्त्यापासून दहा आकडे ओळीने ठेवायचे. ८१५० या पत्त्यावर एकूण. प्रोग्रामने एकूण उचलायचं, त्यात पुढचा आकडा मिळवायचा, परत तिथेच ठेवायचं. असं दहा वेळा. किट आकडे सोळाच्या पायावर मोजतो, आपल्याला मात्र दशमानातलं उत्तर हवं, म्हणून प्रत्येक बेरजेनंतर 'डीएए' ही दशमान दुरुस्तीची सूचना. ज्याला मायक्रोप्रोसेसरचा पेपर सुटलाय त्याला हे डोळे मिटून जमतं.

आणि जमलंही होतं. संगणक कक्षातल्या सिम्युलेटरवर आम्ही तो प्रोग्राम किमान वीस वेळा चालवला होता. दर वेळी ६४.

सिम्युलेटर म्हणजे काय हे थोडं सांगायला हवं. तो पीसीवर चालणारा एक प्रोग्राम असतो आणि तो स्वतःला ८०८५ समजतो. ८०८५ च्या प्रत्येक रजिस्टरसाठी, म्हणजे चिपमधल्या आकडा ठेवायच्या जागेसाठी, त्याच्याकडे एक चौकट आणि ६४ किलोबाइट मेमरीसाठी एक लांबलचक यादी. तुमच्या प्रोग्राममधली एक सूचना वाचतो, ८०८५ ने जे केलं असतं ते या चौकटींत करतो, मग पुढची सूचना वाचतो. चिप लागत नाही, किट लागत नाही, आणि संगणक कक्षाला इन्व्हर्टर असल्याने आमच्यापुरतं बोलायचं तर लाईटसुद्धा लागत नाही. असा एक मुक्त सिम्युलेटर, जीएनयूसिम८०८५, श्रीधर रत्नकुमार यांनी २००३ मध्ये लिहिला. पुढे त्याची देखभाल ओंकार शिंदे यांनी केली. आमच्याकडे होता तो वेगळा, कुणीतरी सीडीवर आणलेला. पण जात एकच.

या जातीचा एक नावाजलेला पूर्वज आम्हाला सरांनी पहिल्याच तासाला सांगितला होता, आणि तीच गोष्ट माझ्या डोक्यात घट्ट बसली होती. १९७५ च्या जानेवारीत 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' हा छोटा संगणक झळकला. त्यात इंटेलचा ८०८० होता, म्हणजे आमच्या ८०८५ चा थोरला भाऊ. पॉल ॲलन आणि बिल गेट्स या दोन पोरांनी अल्टेअरच्या मालकाला कळवलं की या यंत्रासाठी आमच्याकडे बेसिक भाषा आहे. नव्हती. अल्टेअरही नव्हता, ८०८० सुद्धा नव्हता. होतं काय, तर हार्वर्डमधला पीडीपी-१० हा मोठा संगणक आणि इंटेलची माहितीपुस्तिका. ॲलनने ती पुस्तिका वाचून पीडीपी-१० वर ८०८० चा सिम्युलेटर लिहिला. त्या खोट्या ८०८० वर गेट्स, ॲलन आणि मॉन्टी डेव्हिडॉफ यांनी बेसिक लिहिली. मार्चमध्ये ॲलन कागदी फीत घेऊन अल्बुकर्कीला निघाला. फितीवरचं यंत्रात भरणारा लोडर लिहायचाच राहिलाय हे त्याला विमानात आठवलं, तो त्याने तिथेच लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा खरा अल्टेअर त्याने अल्बुकर्कीत पाहिला. फीत भरली, यंत्राने मेमरी किती आहे ते विचारलं, ॲलनने दोन अधिक दोन छापायला सांगितलं, आणि उत्तर आलं ४.

पुस्तक वाचून बनवलेल्या नकली चिपवर लिहिलेला प्रोग्राम खऱ्या चिपवर पहिल्याच दिवशी चालला. मायक्रोसॉफ्ट उभी राहिली ती या दोन अधिक दोनवर. आणि इथे धाराशिवात आमची १९ बाइटची बेरीज चालत नव्हती.

पहिला संशय अर्थातच आपल्या बोटांवर. एखादा कोड चुकीचा दाबला असेल. पार्टनरने कागद हातात धरला, मी पत्ता पुढे सरकवत एकेक कोड वाचत गेलो. २१, ००, ८१, ०ई, ०ए... एकोणीसच्या एकोणीस बरोबर. ही पार्टनर तुळजापूरची. घरात देवीच्या दारातलं दुकान, त्यामुळे हिशेबाला पक्की आणि कुणावरही विश्वास न ठेवणारी. तिने दुधाचे दहा आकडेही तपासले. तेही बरोबर.

तेवढ्यात लाईट भुर्रकन गेली आणि आली. गेल्याचं कळायच्या आत आली म्हणा. डिस्प्ले विझला, किटने नव्याने सुरू झाल्याची खूण दाखवली. मी कपाळावर हात मारला, आता परत एकोणीस बाइट आणि दहा आकडे. पण सवयीने प्रोग्रामचा सुरुवातीचा ८००० हा पत्ता उघडला तर तिथे २१ हा पहिला कोड तसाच. पुढचे सगळे कोडही जागच्या जागी.

''बॅटरी असंल आत,'' पार्टनर म्हणाली.

''बॅटरी? या किटला? इथं बुडाचे रबर निघालेत, बॅटरी कोण घालतंय?''

पण प्रोग्राम होता खरा. चालवला, उत्तर २१. आम्ही ते वहीत टिपलं आणि सोडून दिलं. ते सोडायला नको होतं, पण त्यावर पुढे येतो.

तीन नंबरच्या किटवर गेलो तर तिथे चौथंच काहीतरी. मामांनी परत सातची आठवण केली. सात नंबरच्या किटवर त्यांनी स्केच पेनने 'ओके' लिहून त्याभोवती गोल काढला होता. परीक्षेच्या दिवशी त्या किटसाठी पोरांची भांडणं व्हायची, हे आम्हालाही माहीत होतं. सातवर दुसरी बॅच बसलेली. ती उठेपर्यंत थांबलो, किट लावला, एकोणीस बाइट, दहा आकडे, गो.

६४.

मी उडालोच. मामांकडे बघून हात जोडले आणि तसाच सरांना बोलवायला पळालो. सर आले, चष्मा वर केला, म्हणाले, ''चालव.'' मी गो दाबलं. रीसेट करून ८१५० उघडलं.

२८.

''तुमचा प्रोग्राम मूडवर चालतो का हो?'' सर म्हणाले. मराठवाड्यात विद्यार्थ्याला अहो-जाहो झालं की समजायचं, प्रकरण वाईट आहे. मी सिम्युलेटरवर ६४ येतं म्हणून सांगितलं. सरांनी निकाल दिला, ''सिम्युलेटर सिम्युलेटर असतो. त्याचं काही खरं नसतं. प्रत्यक्ष यंत्र काय म्हणतं ते बघा.'' आणि जाता जाता मामांना, ''किट पण जुने झालेत म्हणा.''

म्हणजे एका वाक्यात सिम्युलेटर खोटा, दुसऱ्यात किट खराब. दोन्ही एकदम कसं, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. पण वाक्य सलत राहिलं. कारण सरांचं खरं असेल तर ॲलनचं काय? त्यानेही पुस्तकच वाचलं होतं. आमचं पुस्तक तर त्याच्याहून सोपं. रमेश गांवकरांचं, तिकडे न्यूयॉर्क राज्यातल्या ओनोंडागा कम्युनिटी कॉलेजात शिकवणाऱ्या गांवकरांचं. भारतातल्या कित्येक पिढ्यांनी ८०८५ त्याच जाडजूड पुस्तकातून पाठ केला.

कँटीनच्या कट्ट्यावर पार्टनरने वही उघडली. चार नंबरचा किट: २९, ९३, ५७, २१. सात नंबरचा: ६४, २८. ती बराच वेळ बघत होती. दुकानातली माणसं मोड देताना जशी मनात हिशेब करतात तसे तिचे ओठ हलत होते.

''हे चौसष्टनं वाढायलंय,'' ती म्हणाली.

''कुठं? त्र्याण्णवाचं सत्तावन्न झालं, कमी झालं की.''

''त्र्याण्णव अन् चौसष्ट, एकशे सत्तावन्न. शंभर कुठं मावतेत आपल्या दोन आकड्यांत? ते गळाले. सत्तावन्न अन् चौसष्ट, एकशे एकवीस. शंभर गळाले, एकवीस. इकडं चौसष्ट अन् चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. अठ्ठावीस.''

मग एकदम उघडंनागडं दिसलं. आम्ही ८१५० मधलं एकूण उचलतो, त्यात मिळवतो, परत ठेवतो. पण सुरुवातीला ते शून्य करतच नाही. दुसऱ्यांदा चालवलं की जुन्या बेरजेवर नवी बेरीज चढते. वहीचं नवं पान न उलटता कालच्या एकूणाखाली आजचं दूध मांडावं तसं. इतकी क्षुल्लक चूक. अशा ठिकाणी खव्याची कढई पुसता पुसता वडिलांनी काहीतरी बोलावं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडावा, असं गोष्टीत शोभलं असतं. वडील त्या वेळी गावी भट्टीपाशी होते आणि त्यांना माझा प्रोजेक्ट कशावर होता हे आजही नीट माहीत नाही. शोध पार्टनरचा, आणि तो शंभराच्या हिशेबातून लागला.

मला वाटलं, झालं. ती म्हणाली, ''मग सिम्युलेटरवर का नाही वाढलं?''

संगणक कक्षात गेलो. प्रोग्राम उघडला. आमची रोजची रीत अशी: 'असेंबल'चं बटण, मग 'रन'. ६४. आता तिने असेंबल न दाबता नुसतंच परत रन दाबलं. ८१५० च्या चौकटीत २८ उमटलं. परत रन, ९२. परत रन, ५६.

सात नंबरचा किट आणि सिम्युलेटर यांच्यात तिळाएवढा फरक नव्हता. असेंबल दाबलं की सिम्युलेटर मेमरीची पाटी पुसून शून्य करत होता, आणि आम्ही प्रत्येक वेळी इमानेइतबारे असेंबल दाबत होतो. वीसदा तपासलं म्हणून छाती फुगवली, खरं तर एकच प्रश्न वीस वेळा विचारला होता.

उरला चार नंबरचा किट. त्याचं पहिलं उत्तर २९. म्हणजे सुरुवातीला ८१५० मध्ये काहीतरी होतं, ज्यात ६४ मिळून १२९ झाले आणि शंभर गळाले. ते काहीतरी म्हणजे ६५. दुसऱ्या दिवशी भारनियमन सकाळचं होतं. लाईट दुपारी आली. चार तास बंद राहिलेला किट चालू केला आणि प्रोग्राम भरण्याआधी, आयुष्यात पहिल्यांदा, ८१५० मध्ये काय आहे ते बघितलं. आम्ही दोघं ६५ ची वाट बघत होतो.

एफएफ.

सोळाच्या मोजणीत दोन आकड्यांतली सगळ्यात मोठी संख्या, दशमानात २५५. आमचा सिद्धान्त आपटला. एफएफचा आणि ६५ चा काय संबंध? प्रोग्राम भरून चालवला, उत्तर २९. म्हणजे सुरुवात ६५ पासूनच झाल्यासारखी. पण डोळ्यांदेखत तिथे एफएफ होतं.

ती रात्र मला चांगली आठवते, कारण लाईट नव्हती आणि हॉस्टेलवर मेणबत्तीत मी हाताने ८०८५ झालो. कागद घेतला. एकूण एफएफ, पहिलं दूध चार. एफएफ अधिक चार, सोळाच्या मोजणीत १०३. पुढचा एक हातचा म्हणून फ्लॅगमध्ये, म्हणजे चिपमधल्या खुणेच्या बिटमध्ये, गेला, हातात उरलं ०३. शिवाय उजव्या आकड्याची बेरीज करताना एफ अधिक चार, तिथेही हातचा निघाला, त्याचा वेगळा फ्लॅग. आता डीएए. पुस्तकात नियम स्पष्ट आहे: उजवा आकडा नऊच्या वर गेला किंवा त्याचा हातचा निघालेला असेल, तर ०६ मिळवा. मिळवले, ०९. मग डाव्या आकड्याचं तसंच: तो नऊच्या वर असेल किंवा मोठा हातचा असेल, तर ६० मिळवा. मोठा हातचा होता. मिळवले.

६९.

उरलेल्या नऊ जणांचं दूध साठ लिटर. ६९ आणि ६०, एकशे एकोणतीस. शंभर गळाले. २९.

एफएफ ही दशमानातली संख्याच नव्हे. डीएएला तसला माल खपत नाही, पण ती काही तक्रार करत नाही. नियमाने दोन वेळा दुरुस्ती करते आणि त्या कचऱ्यातून एक साजूक दिसणारा आकडा काढून हातावर ठेवते. एफएफ तिच्या लेखी ६५ होतं. मी मेणबत्तीच्या उजेडात तो कागद तीनदा केला. उत्तर बरोबर येण्याचा आनंद सगळ्यांना माहीत असतो. चुकीचं उत्तर नेमकं बरोबर येण्याचा आनंद त्याहून मोठा असतो, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

सकाळी संगणक कक्ष उघडायच्या आधीच आम्ही दारात. सिम्युलेटरमध्ये ८१५० च्या चौकटीत हाताने एफएफ टाकलं आणि रन दाबलं. पार्टनरने बोटं डोळ्यांवर धरली होती, फटीतून बघत.

२९.

मग सिम्युलेटर खोटा कसा? पुस्तकात लिहिलेलं अक्षर न् अक्षर त्याने पाळलं होतं, कचऱ्यावर डीएए चालवल्यावर काय निघतं इथपर्यंत. फरक एवढ्यापुरताच की यंत्र चालू होताना मेमरीत काय असतं याबद्दल पुस्तक काहीच सांगत नाही. ते मुद्दामच सांगत नाही. काहीही असू शकतं, त्यावर भरवसा ठेवू नका, असा त्याचा अर्थ. सिम्युलेटर लिहिणाऱ्याला मात्र 'काहीही' लिहिता येत नाही, त्याला काहीतरी एक लिहावं लागतं. त्याने शून्य लिहिलं. खऱ्या किटची शंभर तऱ्हेची सुरुवात होऊ शकते, सिम्युलेटरने त्यातली एकच दाखवली. ती खोटी नव्हती, फक्त सगळ्यांत गोड होती.

हे मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं. फार नंतर कळलं की रॉबिन मिलनर या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच 'एका प्रोग्रामने दुसऱ्याची नक्कल केली' म्हणजे गणिताच्या भाषेत नेमकं काय, हे मांडून ठेवलं होतं. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की हे नातं एकतर्फी असतं. नकलेची प्रत्येक चाल मूळ यंत्राला जमते, एवढ्यावरून मुळाची प्रत्येक चाल नकलेला जमते असं ठरत नाही. तपासणाऱ्याला हवी असते दुसरी बाजू, आणि आपण पहिलीवर समाधान मानतो.

पुस्तक मुद्दाम गप्प राहतं, तसं कधी लपवूनही गप्प राहतं. ८०८५ मध्ये दहा सूचना आणि दोन फ्लॅग असे आहेत की जे इंटेलने चिपमध्ये घातले आणि पुस्तिकेत छापलेच नाहीत. ते १९७९ च्या जानेवारीत 'इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकी नियतकालिकात उघड झाले. नुसती पुस्तिका वाचून बनवलेल्या सिम्युलेटरला ते कुठून माहीत असणार? आणि कधी गफलत पुस्तकाच्या बाहेरच असते. २० जुलै १९६९ ला अपोलो ११ चंद्रावर उतरत असताना संगणकाने १२०२ हा इशारा दिला, काम आवरत नाही म्हणून. मुख्य यानाशी पुन्हा भेट घडवण्यासाठीचं रडार आणि संगणक यांचे विद्युतपुरवठे एकाच वारंवारतेचे होते, पण त्यांच्या लाटा एकमेकींशी जुळवलेल्या नव्हत्या. त्यामुळे अँटेना हलत नसतानाही संगणक ती हलते असं समजून खोटी स्पंदनं मोजत बसला, आणि त्याच्या वेळेचा काही हिस्सा त्यात गेला. पृथ्वीवर किती तरी वेळा सराव झाला होता. सरावाच्या यंत्राला त्या दोन लाटा नव्हत्याच. प्रोग्राम तोच होता, त्याच्या भोवतालचं जग तेवढं वेगळं होतं.

आणि ॲलनचं कोडंही मला सुटल्यासारखं वाटलं. त्याच्या बेसिकने खऱ्या यंत्रावर आल्या आल्या पहिलं काय केलं? मेमरी किती आहे ते विचारलं. काही गृहीत धरलं नाही. आम्ही विचारलं नव्हतं.

आता ते सोडून दिलेलं एकवीस. लाईट जाऊन आल्यावरही प्रोग्राम टिकला होता आणि बेरीजही मागच्या आकड्यावरून पुढे चालली होती. बॅटरी नव्हतीच, बोर्ड उलटा करून बघितला. आम्ही स्विच हाताने बंद-चालू करून बघू लागलो. पटकन चालू केला तर सगळं शाबूत. सावकाश अर्धा मिनिट थांबलो तर एफएफ. कारण पुढे चिपच्या माहितीपत्रकात सापडलं: अशा सीमॉस मेमरीला काम करायला पाच व्होल्ट लागतात, पण आहे ते नुसतं धरून ठेवायला दोन व्होल्टही पुरतात. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ लागतो. प्रोसेसर मेला तरी मेमरी काही क्षण तग धरून असते. वीज पूर्ण गेल्यावरही गारठ्यात ती आणखी जास्त वेळ धरते. सर्गेई स्कोरोबोगातोव यांनी २००२ मध्ये केंब्रिजमध्ये नेमका यावरच अहवाल लिहिला होता, कारण चोराला त्यातून बंद यंत्रातला गुपित आकडा वाचता येतो.

पुढच्या सुट्टीत मी सी भाषेत स्वतःचा छोटा सिम्युलेटर लिहिला. अंगात आलं होतं. शून्याची लबाडी नको म्हणून सुरुवातीला मेमरी यादृच्छिक आकड्यांनी भरली. दर वेळी वेगळं उत्तर यायला लागलं, आणि मला वाटलं, आता खऱ्यासारखं झालं. पार्टनरने एका वाक्यात हवा काढली: ''पण चार नंबर दर वेळी एकोणतीसच देतोय की.'' खरंच होतं. कितीही तास बंद ठेवा, चालू केल्यावर चार नंबरच्या त्या जागेत एफएफच. प्रत्येक चिपच्या प्रत्येक घरात ट्रान्झिस्टरच्या दोन सारख्याच जोड्या एकमेकींविरुद्ध रेटत असतात, बनवताना त्यातली एक कणभर बलवान निघते, आणि वीज आली की बहुतेक वेळा तीच जिंकते. त्यामुळे चिपचा कचरा तिचा स्वतःचा असतो आणि बराचसा ठरलेला असतो. आम्ही धाराशिवात या गोष्टीवर डोकं आपटत होतो त्याच २००७ मध्ये परदेशात काही संशोधक याच कचऱ्याला चिपच्या अंगठ्याचा ठसा म्हणून वापरायचे निबंध प्रसिद्ध करत होते. आमच्याकडे ठसा होता, निबंध नव्हता.

म्हणजे शून्यवाला सिम्युलेटर खरा नाही आणि माझा यादृच्छिकवालाही खरा नाही. चार नंबरच्या किटची हुबेहूब नक्कल करायची तर चार नंबरचाच किट घ्यावा लागेल. माझ्या सिम्युलेटरमध्ये चूक मात्र पहिल्या फटक्यात सापडायची, आणि मला वाटतं, नकलेकडून तेवढंच मागावं.

दुरुस्ती चार बाइटची होती. सुरुवातीला एएफ, ३२, ५०, ८१. रजिस्टर शून्य कर, ते ८१५० मध्ये ठेव. मागचे पत्ते चार घरं सरकले, उडीचा पत्ता बदलला. चार, तीन, सात, कुठल्याही किटवर, कितीही वेळा, लाईट जाऊन येवो की न येवो: ६४. सरांनी बघितलं, सही केली, परत अरे-तुरेवर आले.

जाताना मी मामांना सात नंबरचं गुपित सांगितलं. तो किट गुणाचा वगैरे काही नाही. त्याच्या चिपमध्ये ८१५० च्या जागी नेमकं शून्य येतं, आजूबाजूच्या बऱ्याच घरांतही शून्यच येतं. पोरं एकूण शून्य करायला विसरतात आणि तरी तिथे उत्तर बरोबर येतं. चुका पकडायच्या तर खरा चांगला किट चार नंबरचा. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी स्केच पेनच्या त्या 'ओके'वर बोट ठेवून म्हटलं, ''हे पुसून चारवर लिहू का?''

मामांनी माझा हात बाजूला केला.

''उगं कशाला पुसताव? पोरं पास व्हायलीत की त्याच्यावर.''